दार दिसत नाही, सबब बंद आहे

शुक्रवार, जेवणाची सुट्टी
सुतारकामाच्या कार्यशाळेतून

तीर्थस्वरूप दादांना,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा (हे नातं सध्या एका पायावर उभं आहे, तरी मी ते धरून ठेवलं आहे) साष्टांग नमस्कार. विनंती विशेष. "आम्ही इकडे सर्व सुखरूप आहोत" असं पुढे लिहायची पद्धत आहे, पण सर्व म्हणजे सध्या मी एकटाच, आणि सुखरूप म्हणावं तर काल दूध उतू गेलं, परवा भात करपला, तेव्हा ते वाक्य गाळतो. तुमचा डावा गुडघा काय म्हणतो? जिना चढताना कुरकुरतो असं मागे सांगितलं होतंत. माझ्या मते तो कुरकुरत नाही, तुम्ही वजन तिरकं टाकता. खुर्चीचा पायही असाच वाजतो. वहिनींचा रक्तदाब आटोक्यात असेल अशी आशा आहे, आणि गेले आठ दिवस घरात एक पाहुणी वाढली असल्यामुळे तो वाढला नसेल अशीही आशा आहे. पत्र दुकानाच्या पत्त्यावर का, असं तुम्हाला वाटेल. घरी फोन केला की तुमची बहीणच उचलते, मी तोंड उघडायच्या आत माझा श्वास ओळखते आणि ठेवून देते. असं चारदा झालं. तुमच्या मोबाइलवर निरोप पाठवावा, तर तुम्ही चष्म्याचे दुकानदार असून स्वतःचा चष्मा कुठेतरी विसरता आणि निरोप वाचायला तिच्याच हातात देता. म्हणून हे कुरियरनं पाठवतो आहे. उद्या पोचेल असं त्यानं छातीठोक सांगितलंय.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी ती तुमच्याकडे दोन पिशव्या आणि शिलाई मशीन घेऊन आली. पिशव्यांचं मला काही वाटलं नाही. पिशव्या घेऊन बाई चार दिवसांसाठी जाते. पण मशीन घेऊन बाई चार दिवसांसाठी जात नाही. तिनं तुम्हाला काय सांगितलं असेल याची मला कल्पना आहे, आणि ते सगळं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. अर्धं खोटं आहे. उरलेल्या अर्ध्याला मागचा-पुढचा संदर्भ नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो. एवढं वाचून तुम्ही तिची समजूत घालाल आणि तिला लवकरात लवकर परत पाठवाल, इतकंच मागणं आहे. घर तिच्यावाचून चालत नाही हे मी लेखी देतो आहे. हवं तर जपून ठेवा.

तर आमच्या संस्थेनं (मी सुतारकाम शिकवतो, ती शिवणकाम, हे तुम्हाला ठाऊकच आहे, तिसाव्या वर्षात आहोत दोघंही, नोकरीच्या आणि लग्नाच्याही) दोन महिन्यांपूर्वी ऑनलाइन शिक्षणाचं सॉफ्टवेअर विकत घेतलं. आता रंधा कसा मारायचा हे ऑनलाइन कसं शिकवायचं, हा प्रश्न मी सभेत विचारला. प्राचार्य म्हणाले, चित्रफीत टाका. मी म्हटलं, चित्रफितीत लाकडाचा वास येत नाही, आणि पोरानं रंधा उलटा धरला तर चित्रफीत त्याच्या पाठीत गुद्दा घालत नाही. प्राचार्यांनी हे इतिवृत्तात "सूचनेचं स्वागत करण्यात आलं" असं लिहून घेतलं. त्यानंतर परिपत्रक निघालं की प्रत्येक शिक्षकानं त्याच सॉफ्टवेअरवर "माहितीची सुरक्षितता" नावाचा अभ्यासक्रम पुरा करायचा, परीक्षा द्यायची, शंभरांपैकी चाळीस गुण मिळवायचे. चार संधी. चारही वेळा जो नापास होईल त्याला नव्या सत्रात वर्ग मिळणार नाही, त्याची रवानगी भांडारात. भांडार म्हणजे खडू मोजून द्यायचे आणि रिकामे खोके मोजून घ्यायचे. दादा, माझी दोन वर्षं राहिली आहेत. ती मला करवतीच्या आवाजात काढायची आहेत, खडूच्या धुरळ्यात नाही. हे मी तुम्हाला स्पष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं याच्यावरच उभं आहे.

पहिल्या खेपेला मला बावीस पडले. दुसऱ्या खेपेला सत्तावीस. तिसऱ्या खेपेला एकतीस, म्हणजे प्रगती होती, हे कुणी लक्षात घेत नाही. प्रश्नच तसे. "अनोळखी व्यक्तीनं तुमचा सांकेतिक शब्द विचारल्यास काय कराल?" याखाली चार पर्याय, आणि "त्याला आधी कोण, कुठला, ते विचारेन" हा साधा माणुसकीचा पर्याय चारांतही नाही. चौथ्या खेपेला मी रात्रंदिवस अभ्यास केला. तुमच्या बहिणीनं शेजारी बसून प्रश्न विचारले (तिला पहिल्याच खेपेला शहाण्णव पडले होते, त्याबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही, आणि हेच जास्त लागतं). निकाल दुसऱ्या दिवशी लागतो. लागला. चाळीस! बरोब्बर चाळीस, ना एक कमी ना एक जास्त. मी अख्ख्या कार्यशाळेला चहा पाजला. वेल्डिंगवाल्यांना, मोटार दुरुस्तीवाल्यांना, फाटकावरच्या पहारेकऱ्यालासुद्धा. नुसतं घोकून भागत नाही, मुळातून समजून घ्यावं लागतं, असं चार जणांना ऐकवलंही. ती नुसती हसली. ते हसणं लक्षात ठेवा.

आता त्या सोमवारचं. प्रमाणपत्रं काढून घ्यायला सगळ्या शिक्षकांना संगणकाच्या खोलीत बोलावलं होतं. वीस यंत्रं, साठ माणसं, एक पंखा. संगणक शिकवणाऱ्या बाई पुढे उभ्या राहून एकेकाचा क्रमांक पुकारत होत्या, तो ज्याचा त्यानं चौकटीत टाकायचा, की प्रमाणपत्र समोर. माझा क्रमांक एक्केचाळीस. इथे मला थोडं आडवळण घेऊ द्या, कारण सगळं घोडं इथेच पेंड खातं. आम्ही सुतार माणसं माप ऐकतो आणि लिहितो. एक जण फळीच्या टोकाला पट्टी धरून ओरडतो, दुसरा इकडे पेन्सिलीनं टिपतो. ओरडणारा म्हणतो, "एक्के...", की मी उजवीकडे एक काढतो आणि डावीकडे जागा सोडतो. "...चाळीस" आलं की डाव्या जागेत चार बसवतो. आपली भाषाच अशी आहे, सुटे आधी सांगते, दशक मागून आणते. तीस वर्षं मी याच रीतीनं मापं लिहिली, एकाही टेबलाचा पाय आखूड झाला नाही. पण कीबोर्डला डावी बाजू नसते, दादा. आधी दाबलं ते आधी उमटतं. बाई म्हणाल्या "एक्के", मी एक दाबला. म्हणाल्या "चाळीस", मी चार दाबला. झाले चौदा.

त्यात आणखी एक गंमत. चौकटीत टाकायचा तो आकडा मी पडद्याच्या माथ्यावरच्या लांब पट्टीत टाकला. त्या पट्टीत पानाचा पत्ता असतो, आणि पत्त्यात घर क्रमांक घालतात, ही माझी साधी समजूत. (बाई नंतर म्हणाल्या की आजवर इतकी माणसं शिकवली, पण तिथे कुणी आकडा टाकला नव्हता. मी म्हटलं, पहिला मान माझा.) पत्त्याच्या शेवटी एक आकडा होताच, तो पुसून मी चौदा लिहिला आणि बटण दाबलं. पान उघडलं. "माहितीची सुरक्षितता. प्रयत्न : चार अधिक विशेष बाब म्हणून दोन. सर्वोच्च गुण : एकोणतीस." आणि खाली एक हिरवं बटण, "गुण बदला". मी भडकलो. साठ माणसांसमोर उभा राहून ओरडलो, की मी सहा वेळा बसलोच नाही, मला विशेष बाब कुणी दिली, आणि माझ्या चाळिसाचे एकोणतीस कोणी केले? बाई शांतपणे म्हणाल्या, वर नाव काय आहे ते वाचा. मी खणखणीत वाचलं. वर नाव नव्हतं, नुसतं पद होतं. "प्राचार्य."

दादा, प्राचार्य दुसऱ्या रांगेत उभे होते. सुरक्षिततेच्या परिपत्रकावर ज्यांची सही, ते सुरक्षिततेत सहा वेळा गचकले होते. माझा हेतू शुद्ध होता, पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअरच्या कंपनीचा माणूस आला. त्याचं नाव मला माहीत नाही, आम्ही त्याला टायवाले म्हणतो. मी त्यांना माझ्या परीनं समजावून सांगितलं. म्हटलं, तुम्ही गुण बदलायच्या खोलीला दार केलंत, ते भिंतीच्या रंगानं रंगवलंत, पण त्याला कडी लावायची विसरलात. ज्याला दार कुठे आहे ते माहीत नाही तो बाहेर. ज्याचा हात चुकून भिंतीला टेकला तो थेट आत, आणि आत कुणी विचारत नाही की बाबा रे, तू कोण, परीक्षा विभागाचा की सुतार. माझ्या कार्यशाळेत पहिल्या वर्षाच्या पोरानं असं कपाट केलं तर मी त्याला ते पुन्हा करायला लावतो. टायवाले हसले. ते म्हणाले की ते पान शिक्षकांच्या यादीत दाखवलेलंच नाही, त्यामुळे तिथे कुणी जाणारच नाही. मी म्हटलं, मी गेलो. ते म्हणाले, तुम्ही जायला नको होतं. मग त्यांनी जो लेखी अहवाल दिला त्यातलं एक वाक्य मी पाठ करून ठेवलं आहे : "सदर दार वापरकर्त्यास दिसत नाही, सबब ते बंद आहे." दार हा शब्द माझाच उचलला, कडी मात्र तिथेच राहिली.

या अहवालावर तातडीची बैठक झाली आणि दोन निर्णय झाले. एक, पडद्याच्या माथ्यावरच्या पट्टीत कुणीही काहीही लिहू नये असं परिपत्रक काढावं आणि त्यावर साठ जणांच्या सह्या घ्याव्यात. दोन, परिपत्रकावर विसंबून न राहता ती पट्टी प्रत्यक्ष झाकावी. कशानं? तर लाकडी पट्ट्यांनी. कोणी करायच्या? चोर सोडून संन्याशाला सुळी देतात हे ऐकलं होतं. इथे सुळाचा खांबही संन्याशाकडूनच तासून घ्यायचा ठरलं. वीस पट्ट्या, सागवानी, पॉलिशसह. काम म्हटलं की मला ते वाईट करता येत नाही. मी मापं घेतली (या वेळी कुणाला ओरडू दिलं नाही, स्वतःच घेतली), रंधा मारला, कडा गोल केल्या. मग लक्षात आलं की चौकशीसाठी कधी पट्टी बघायची वेळ आली तर? म्हणून वर बारीक बिजागऱ्या लावल्या आणि बाजूला छोटी कडी व कुलूप. बुधवारी चार वाजेपर्यंत वीसच्या वीस बसल्या. किल्ल्यांचा जुडगा प्राचार्यांच्या खणात. त्या सगळ्या व्यवस्थेत कडीकुलूप असलेली ही पहिली आणि एकमेव वस्तू, आणि ती सुताराच्या हातची आहे, हे मी नम्रपणे नमूद करतो.

गुरुवारी सकाळी अंतिम गुणांची यादी सूचनाफलकावर लागली. माझे चाळीस. प्राचार्यांच्या नावापुढे "लागू नाही". आणि तुमच्या बहिणीपुढे एकोणचाळीस, नापास. फलकापुढे गर्दी होती, शिवणकामाच्या सगळ्या बाया होत्या, आणि ती यादीवर बोट ठेवून उभी होती. मग तिनं यादीकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघितलं. संध्याकाळी घरी येऊन बघतो तर ती नाही, मशीनही नाही, आणि ओट्यावर चिठ्ठी : "रजा टाकली आहे. दादाकडे जाते." आता मला सांगा, यात माझा काय दोष? सॉफ्टवेअरला कडी नाही हे तर मीच आधी ओरडून सांगितलं होतं. साठ माणसांपैकी कुणीही शिरलं असेल, कुणीही बोटं चालवली असतील. जो असल्या दारातून आत शिरून दुसऱ्याच्या मेहनतीवर हात टाकतो तो माणूस नीच आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पण तिनं काही न विचारता, काही न ऐकता, तीस वर्षांच्या नवऱ्यावर संशय घ्यावा?

एवढ्यावर थांबलं नाही. मला नोटीस आली आहे. "आपण संगणक कक्षात अनधिकृत प्रवेश केला" (मी दारातून गेलो, वहीत सही केली), "गोपनीय माहिती पाहिली" (ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली) "आणि ती मोठ्यानं वाचली" (हे खरं आहे). सोमवारी अकरा वाजता चौकशी समिती बसणार. टायवाले येणार, संगणकाच्या बाई येणार, कुणी कधी कुणाचे गुण बदलले याची नोंद सॉफ्टवेअर ठेवतं म्हणे, ती उघडून बघणार. दोषी ठरलो तर भांडारच नाही, फाटकाबाहेर. मी घाबरलेलो नाही. मी समितीला दारं, बिजागऱ्या आणि कडी यांवर एक तास ऐकवणार आहे. पण अशा वेळी घरात माणूस हवं, दादा. सदरा इस्त्रीचा हवा, "निघताना पाणी पिऊन जा" म्हणणारं कुणीतरी हवं. म्हणून म्हणतो, तिची समजूत घाला आणि रविवारीच तिला गाडीत बसवून द्या.

वहिनींना नमस्कार, तुमच्या नातीला पापा. तिचा मोडलेला लाकडी घोडा पाठवून द्या म्हणावं, पाय नवा बसवून देतो. बाकी सगळं तुम्ही समजून घ्यालच, तुमच्यावर माझी पहिल्यापासून श्रद्धा आहे.

तुमचा,
बहिणीचा नवरा

ता.क. : वरचं पत्र पुन्हा वाचून पाहिलं. एक गोष्ट लिहायची राहिली. ते एकोणचाळीस मी केले. बुधवारी दुपारी, पट्ट्या बसवायला गेलो तेव्हा खोलीत कुणी नव्हतं, आणि शेवटचं यंत्र उघडंच होतं, माझ्याच क्रमांकावर. तिचा क्रमांक बावन्न. (आधी पंचवीस झाले, कुणा भलत्याचंच पान आलं, ते बंद केलं.) शहाण्णव दिसले. दादा, तीस वर्षं तिचा प्रत्येक टाका माझ्या प्रत्येक सांध्यापेक्षा सरळ आलेला आहे. मला फक्त एकदा तिच्या पुढे असायचं होतं. एकच गुण पुढे. संध्याकाळपर्यंत ठेवायचं, बघायचं कसं वाटतं, आणि घरी जायच्या आत पुन्हा शहाण्णव करून टाकायचे असं ठरवलं होतं. पण तोवर मी स्वतःच्याच हातानं वीस पट्ट्यांना वीस कुलपं ठोकून बसलो होतो. किल्ल्या मागायला गेलो तर प्राचार्य घरी गेलेले, आणि सकाळी यादी लागली. वर जो "नीच" शब्द आहे तो तसाच राहू द्या.

ता.क. २ : हेही सांगून टाकतो. परवा बुधवारी मला एकदम सुचलं की पट्ट्या वीस पडद्यांवर आहेत, पण जगात पडदे वीसच नाहीत. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन तो पत्ता टाकला. उघडलं! समितीनं सागवान लावून जे दार बंद केलं ते झेरॉक्सवाल्याकडे तासाच्या भाड्यानं सताड उघडं आहे. मी आधी तिचे शहाण्णव परत केले. मग ती बदलांची नोंद कुठे असते ते शोधलं, म्हटलं सोमवारी काय निघणार ते आधी बघावं. तीसुद्धा उघडीच. त्यात माझी करणी होतीच : "क्रमांक बावन्नचे गुण शहाण्णववरून एकोणचाळीस, बदल करणारा क्रमांक एक्केचाळीस." पण त्याच्या वर, तीन आठवड्यांपूर्वीची एक ओळ होती. "क्रमांक एक्केचाळीसचे गुण तेहतीसवरून चाळीस. बदल करणारा क्रमांक बावन्न. कारण : गुणदुरुस्ती."

मी ती ओळ तीनदा वाचली, आधी उजवीकडून, मग डावीकडून. मी चौथ्यांदाही नापास झालो होतो, दादा. अख्ख्या कार्यशाळेला ज्याचा चहा पाजला ते चाळीस माझे नव्हतेच. कुठलंही कापड हातात आलं की आधी उलटं करून शिवण बघायची, ही तिची जुनी सवय. त्या सॉफ्टवेअरचंही तिनं तेच केलं असणार, माझ्या कितीतरी आधी, आणि कुणाला न सांगता. दुसरं कुणी असतं तर पंचावन्न-साठ देऊन टाकले असते. पण बेतानं कापड कापणारी बाई ती, लागेल तेवढंच घेतलं, चाळीस म्हणजे चाळीस. मी भांडारात जाऊ नये म्हणून जन्मात कधी खोटं न केलेल्या तुमच्या बहिणीनं हे केलं, नोकरी पणाला लावून केलं, आणि वर माझं "मुळातून समजून घ्यावं लागतं" हेही ऐकून घेतलं, हसून. आणि त्यावर मी काय केलं? फलकापुढे ती माझ्याकडे का बघत होती ते मला त्या दुकानात कळलं. झेरॉक्सवाल्यानं विचारलं, काका, डोळ्यांत काही गेलं का? मी म्हटलं, भुसा.

ता.क. ३ : आता खरं काम. मुख्य पत्रात तिला रविवारी पाठवा असं लिहिलं आहे, ते खोडलेलं समजा. मंगळवारपर्यंत तिला काही झालं तरी सोडू नका. गुडघा दुखतो म्हणा, वहिनींना चक्कर येते म्हणा. कारण सोमवारी ती नोंद उघडली आणि ती इथे असली, तर ती उठून उभी राहणार आणि मीच केलं म्हणून सांगणार. मी तिला ओळखतो. तिची अजून नऊ वर्षं राहिली आहेत, माझी दोनच. म्हणून मी त्याच दुकानात बसून नोंदीतला बावन्न पुसला आणि तिथे एक्केचाळीस लिहिले (चार आधी, मग एक, तीनदा तपासून). आपलेच गुण वाढवले असं आता कागदावर आहे. कारणाच्या रकान्यात "गुणदुरुस्ती" होतं, तेही पुसून "मोह" लिहिलं. समितीला हवा होता तसा चोर मिळेल, मला फाटक दाखवतील, मी घरी बसून खुर्च्या दुरुस्त करीन, त्यात वाईट काही नाही. दिव्यानं दिवा लावावा तसं एका लबाडीवर दुसरी लावली, पण ही मला पटली आहे. फक्त एक भीती आहे. तुमच्या घरी जिन्याखाली संगणक आहे. (तिच्या फोनवर ते पान नीट उघडत नाही, हे मी तिला पूर्वी कुरकुरताना ऐकलं आहे.) ती रोज नोंद बघत असणार. तेव्हा पत्र मिळताच त्या संगणकाची वायर काढा आणि दुकानात नेऊन ठेवा. तिनं विचारलं तर उंदरानं कुरतडली म्हणा. एवढी एकच विनंती आहे, पाया पडून.

ता.क. ४ : पाकीट चिकटवण्याआधी मनाच्या समाधानासाठी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन आलो. नोंदीत पुन्हा बावन्न. मी एक्केचाळीस केले. खात्री करायला पान ताजं केलं, बावन्न. पुन्हा एक्केचाळीस केले, बाहेर जाऊन चहा घेतला, परत आलो तर बावन्न. म्हणजे ती आत्ता, या घडीला, तुमच्या जिन्याखाली बसलेली आहे, आणि आठ दिवसांत आमचं जे काही बोलणं झालं ते एवढंच. तिसऱ्यांदा हात घातला तेव्हा माझी नजर कारणाच्या रकान्यावर गेली. "मोह" नव्हता. तिथे लिहिलं होतं : "नवरा आहे माझा, म्हणून केलं. आता पुन्हा हात लावलात तर याद राखा. सोमवारी साडेनऊच्या गाडीनं येते आहे. आत दोघं मिळून जाऊ."

मी हात लावला नाही. दादा, वायर राहू द्या. तिला गाडीत खिडकीची जागा मिळेल एवढं बघा. मी नऊपासूनच स्टँडवर उभा असेन.